समाजमाध्यमे : दोष मजकुराचा की वाहकाचा?

समाजमाध्यमांविषयी आपल्या समाजात दोन प्रकारची मते ऐकू येतात. पहिल्या मताचे लोक म्हणतात की, हे सारे कलियुगाचे लक्षण आहे. मोबाईल विहिरीत टाकावा म्हणजे संसार पूर्ववत सुखाचा होईल. (हे मत ते बहुधा मोबाईलवरूनच कळवितात.) दुसऱ्या मताचे लोक म्हणतात की, माध्यम हे नुसते साधन आहे. सुरीने भाजी चिरता येते आणि बोटही कापता येते. दोष सुरीचा नव्हे, हाताचा. मला या दोन्ही मतांत अर्धेच तथ्य दिसते. सुरी आपण होऊन कोणाच्या हाती जात नाही. आणि ज्याचे डोके तापले आहे त्याच्याच हाती आधी जावे, असा हिशेबही ती करीत नाही. आजची काही माध्यमे हा हिशेब करतात. म्हणूनच त्यांच्या सुधारणेचा विचार ‘माणसांनी नीट वागावे’ एवढ्या उपदेशावर संपू शकत नाही.

आधी या माध्यमांचे उपकार मोकळेपणाने मान्य केले पाहिजेत. गायकवाडांच्या चाकरीच्या निमित्ताने ज्यांचे पूर्वज बडोद्यास आले, त्या घरांना आप्तांपासून दूर राहणे म्हणजे काय हे सांगावयास नको. पुण्या-साताऱ्याचे पत्र येण्यास दिवस लागत. आणि अशुभ वार्ता पुष्कळदा तेरावा उलटल्यावर कळे. आज नातू टोरांटोत बसून घरच्या गणपतीची आरती पाहतो. इंग्रजी किंवा गुजराती शाळेत शिकलेल्या आपल्या मुलांच्या डोळ्यांसमोर देवनागरीतील मराठी रोज येते, ती पुष्कळ घरांत केवळ कुटुंबाच्या वा मंडळाच्या व्हॉट्सअॅप गटामुळे. ही लहान गोष्ट नव्हे. जे साधन आपली भाषा आणि आपली माणसे टिकवून धरते, त्याची आपण चिंता करावयाची ती याच कारणासाठी.

राईनपाड्याची पाच माणसे

या चिंतेला एक तारीख आहे. १ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा नावाच्या गावी आठवड्याचा बाजार भरला होता. सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढ्याकडची नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसे तेथे आली होती. दारोदार भिक्षा मागणे हा त्यांचा पिढीजात जीवनक्रम. ‘मुले पळविणारी टोळी आली आहे’ अशी वदंता त्या दिवसांत मोबाईलवरून गावोगाव फिरत होती. जमावाने या पाच जणांना गाठले, ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडले आणि तेथेच ठेचून मारले. त्याच्या आधी पाचच दिवस, २६ जून रोजी, अहमदाबादेतील वाडज भागात भिक्षा मागणाऱ्या एका स्त्रीचा अशाच संशयावरून जमावाने जीव घेतला होता. त्या उन्हाळ्यात देशाच्या निरनिराळ्या भागांत अशीच माणसे मारली गेली. मारले गेलेले बहुतेक परगावचे, गरीब, वेगळी भाषा बोलणारे असे होते.

त्या दिवसांत फिरलेल्या चित्रफितींपैकी एकीची हकीकत ध्यानात ठेवण्यासारखी आहे. मोटारसायकलवरून दोघे येतात आणि खेळणाऱ्या मुलास उचलून नेतात, असे तीत दिसे. ही फीत मुळात कराचीतील एका संस्थेने मुलांच्या सुरक्षिततेविषयी पालकांनी जागरूक राहावे म्हणून तयार केली होती. मूळ फितीत ते दोघे मुलाला लगेच परत आणून सोडतात आणि इशाऱ्याचा फलक दाखवितात. कोणीतरी तो शेवट कापून टाकला. उरला तो केवळ भयाचा तुकडा. आणि तो तुकडा, ज्यांना कराची कोठे आहे हेही ठाऊक नसेल अशा हजारो लोकांनी, मुलांच्या काळजीपोटी, सद्‍हेतूने एकमेकांना पाठविला.

‘सद्‍हेतूने’ हा शब्द मी जाणूनबुजून वापरला आहे. ज्याने शेवट कापला त्याचा हेतू वाईट होता असे आपण धरून चालू. पण तो एक. पुढे पाठविणारे हजारो, आणि त्यांतील बहुतेक आपल्यासारखेच सज्जन आईबाप. तेव्हा या हत्यांचे मूळ शोधावयाचे तर केवळ लिहिणाऱ्याकडे पाहून भागत नाही. मजकूर कोणी वाहून नेला, किती सहज नेला आणि त्या नेण्यात कोणाचा लाभ होता, हे पाहावे लागते.

मजकुरावरचा कायदा

आपल्या देशात प्रथम उपाय झाला तो मजकुरावर. माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ च्या दुरुस्तीने ६६-अ हे कलम आले. त्रासदायक, गैरसोय करणारा किंवा फार आक्षेपार्ह मजकूर पाठविल्यास तीन वर्षांपर्यंत कैद, असा त्याचा आशय. ‘त्रासदायक’ कोणास म्हणावे याचे उत्तर ठाणेदाराच्या मर्जीवर राहिले. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली. त्याविषयी पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर शंका लिहिली, दुसरीने तिला ‘लाइक’ केले; आणि दोघींना अटक झाली. अखेर २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने श्रेया सिंघल खटल्यात हे कलम घटनाबाह्य म्हणून रद्द केले. तरीही रद्द झालेल्या कलमाखाली ठिकठिकाणी गुन्हे नोंदविणे चालूच राहिले, आणि त्याबद्दल त्याच न्यायालयाला २०२१ मध्ये आश्चर्य व खेद व्यक्त करावा लागला.

तात्पर्य, मजकुरावरच्या कायद्याने दोन मुली पकडल्या. राईनपाड्याची पाच माणसे त्याने वाचविली नसती. कारण ‘मुलांना सांभाळा, टोळी आली आहे’ हे वाक्य लिहिणाऱ्याला कोणताही शिपाई आक्षेपार्ह म्हणून पकडणार नाही. ते वाक्य वरवर पाहता उपकाराचेच आहे.

दुसरा उपाय म्हणजे रस्ताच बंद करणे. त्याचा अनुभव बडोदेकरांस आहे. सप्टेंबर २०१४ मध्ये, ऐन नवरात्रात, फेसबुकवरील एका चित्रावरून आपल्या शहरात दंगल उसळली आणि मोबाईलवरील इंटरनेट काही दिवस बंद ठेवण्यात आले. आग पेटली असता पाणी जे हाती येईल ते मारावे लागते, हे मी समजू शकतो. पण अशाने खोट्याबरोबर खरेही थांबते. आणि दंगलीत ‘मी सुखरूप आहे’ एवढे खरे कळण्याची गरज सर्वांत अधिक असते.

तिसरा मार्ग सरकारनेच खरे-खोटे ठरविण्याचा. केंद्र सरकारच्या कारभाराविषयीचा कोणता मजकूर खोटा, हे सांगणारा विभाग सरकारनेच नेमावा, अशी तरतूद २०२३ मध्ये नियमांत करण्यात आली. मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये ती घटनाबाह्य ठरविली. ज्याचा हिशेब तपासावयाचा त्यालाच तपासनीस नेमू नये, हे दुकानदारीतील साधे तत्त्व येथेही लागू आहे.

वाहकावरचा नियम

आता वाहकाकडे वळू. राईनपाड्याच्या घटनेनंतर केंद्र सरकारने व्हॉट्सअॅप कंपनीस पत्र लिहिले, आणि जुलै २०१८ मध्ये कंपनीने भारतापुरता एक बदल केला. तोपर्यंत एकच संदेश एका झटक्यात शेकडो ठिकाणी पुढे पाठविता येत असे. आता तो एका वेळी पाचच ठिकाणी पाठविता येऊ लागला. पुढे जानेवारी २०१९ मध्ये हाच नियम जगभर लागू झाला. एप्रिल २०२० मध्ये, करोनाच्या काळात, अनेक हातांतून आधीच गेलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठविता येईल असे ठरले. आणि अशा संदेशांचा प्रसार त्यानंतर सत्तर टक्क्यांनी घटला, असे कंपनीने सांगितले. आकडा कंपनीचा आहे, हे ध्यानात ठेवूनच तो घ्यावा. परंतु युक्तीचे स्वरूप पाहण्यासारखे आहे. कोणाचे तोंड बंद केले नाही, कोणाचे पत्र फोडले नाही, खरे-खोटे ठरविले नाही. फक्त वाहणाऱ्याचे पाय थोडे जड केले.

ट्विटरनेही २०२० मध्ये असेच काही करून पाहिले. एखाद्या लेखाचा दुवा न उघडताच तो पुढे पाठवू लागणाऱ्यास ‘आधी वाचणार का?’ एवढा प्रश्न यंत्र विचारी. हा प्रश्न दिसल्यावर लेख उघडण्याचे प्रमाण चाळीस टक्क्यांनी वाढले, असे त्या कंपनीने सांगितले. आपली आजी ‘दहा आकडे मोज आणि मग बोल’ असे म्हणे, ते यंत्राच्या तोंडून आले एवढेच.

हे झाले माणसाच्या अंगठ्याने वाहिलेल्या मजकुराचे. फेसबुकसारख्या माध्यमांत दुसरा वाहक असतो. तेथे आपण पान उघडले की शेकडो मजकुरांतून कोणता वर आणि कोणता खाली, हे यंत्र निवडते. ही निवड कशावर ठरते? २०१७ पासून काही काळ फेसबुकचे यंत्र साध्या ‘लाइक’ला एक गुण देई, आणि प्रेम, हसू, राग दाखविणाऱ्या चिन्हांना पाच. म्हणजे आपल्याला आवडलेल्या मजकुरापेक्षा ज्यावर आपण संतापलो तो मजकूर पाचपट जोराने पुढे जाई. कंपनीतून बाहेर पडलेल्या फ्रान्सिस हॉगन या बाईंनी २०२१ मध्ये जी कागदपत्रे उघड केली, त्यांतून ही गोष्ट जगास कळली. त्यांतच हेही होते की, रागाच्या चिन्हाचे वजन पुढे शून्यावर आणल्यावर खोटा व किळसवाणा मजकूर लोकांपुढे कमी येऊ लागला, आणि लोकांचा वापर मात्र घटला नाही.

कल्पना करा की, आपल्या रावपुऱ्यातील टपालवाल्याचा पगार, पत्र वाचून घरात किती गलका झाला यावर ठरू लागला. तो काय करील? खुशालीचे कार्ड पिशवीच्या तळाशी जाईल, आणि भाऊबंदकीची नोटीस सकाळी सातला दारात हजर होईल. टपालवाला दुष्ट नाही. त्याच्या पगाराचा नियम वाईट आहे. समाजमाध्यमांची बहुतेक सारी मिळकत जाहिरातींची. जाहिरात दिसावयाची तर माणूस खिळून राहिला पाहिजे. आणि माणसाला खिळवून ठेवण्यास भांडणासारखे दुसरे साधन नाही, हे कोणत्याही वाड्यातील नळकोंडाळ्यावर पूर्वी सिद्ध झालेलेच आहे.

कोणते नियम हवेत?

यावरून माझ्या मते सुधारणेची दिशा स्पष्ट होते. कायद्याने पत्राला हात लावू नये. टपालाच्या नियमांना लावावा.

पहिला नियम : निवडीचे तत्त्व उघड असावे, आणि ते नाकारण्याची सोय असावी. युरोपीय संघाने २०२२ च्या डिजिटल सेवा कायद्यात मोठ्या माध्यमांवर असे बंधन घातले आहे की, वापरणाऱ्याच्या सवयींचा माग न काढता केलेली निदान एक मांडणी त्यांनी द्यावी. ज्यांना आपण स्वतः निवडले त्यांचाच मजकूर, आला त्या क्रमाने, हे साधे पान भारतीय वापरणाऱ्यासही हक्काने मिळावे. आणि ते कोठेतरी सात पडद्यांआड न ठेवता आरंभीच समोर असावे.

दुसरा नियम : जो मजकूर फार हातांतून वेगाने जात आहे, त्याची गती आपोआप मंदावावी. मग तो कोणत्याही पक्षाचा, धर्माचा, भाषेचा असो. नियम सर्वांना सारखा असला म्हणजे सरकारला आपला-परका करण्यास वाव राहत नाही.

तिसरा नियम : सोडून जाण्याचे स्वातंत्र्य. २०११ पासून आपल्या देशात मोबाईलचा क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलता येते. २०१६ मध्ये आलेल्या यूपीआयने एका बँकेचा माणूस दुसऱ्या बँकेच्या माणसास, निराळ्याच कंपनीच्या साधनातून, पैसे पाठवू लागला. पण समाजमाध्यम बदलावयाचे तर आप्त, मित्र, जुनी छायाचित्रे, सारे मागे टाकून निघावे लागते. ज्या दुकानातून गिऱ्हाईक उठूच शकत नाही, त्या दुकानदारास सुधारण्याचे कारण काय? जे पैशांच्या बाबतीत आपण करून दाखविले, ते निरोपांच्या बाबतीत अशक्य का असावे?

ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास बंदी केली आहे. मुलांची काळजी योग्यच. परंतु टपालवाल्याच्या पगाराचा नियम तोच ठेवून मुलांना घरात कोंडले, तर सतराव्या वर्षी ती दार उघडतील तेव्हा तोच टपालवाला उंबऱ्यावर उभा असेल.

महाराजांच्या पेट्या

यावर एक आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. जाहिरातींमुळेच ही माध्यमे फुकट आहेत. जाहिरात काढली तर खर्च कोण करील? श्रीमंत पैसे देतील, गरिबाने काय करावे?

बडोद्याच्या माणसाने हा प्रश्न विचारावा याचे मला थोडे नवल वाटते. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेलीत आणि १९०६ मध्ये सबंध राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. शिकलेली मुले वाचावयास काय घेणार, हा पुढचा प्रश्न. त्यासाठी १९१० मध्ये महाराजांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बोलाविले आणि मध्यवर्ती ग्रंथालय उभे केले. जेथे ग्रंथालय नव्हते तेथे लाकडी पेट्यांतून पुस्तके जाऊ लागली. गावोगावच्या वाचनालयांचा खर्च कसा चाले? गावाने काही रक्कम जमवावी, तेवढीच स्थानिक पंचायतीने घालावी आणि तेवढीच दरबाराने. खेड्यातल्या वाचकाचे वाचन ना एकट्या सावकारावर अवलंबून, ना एकट्या सरकारवर. आणि पुस्तके मांडण्याचा क्रम विषयवार, सर्वांस दिसणारा. कोणते पुस्तक वाचून वाचक भडकेल हे पाहून ग्रंथपाल ते पुढे सरकवीत नसे.

समाजमाध्यमांसाठी ही योजना जशीच्या तशी उचलता येणार नाही, हे उघड आहे. ग्रंथालयात पुस्तके बोलत नाहीत. येथे प्रत्येकजण बोलतो. परंतु तिच्यातील तत्त्व उचलता येते : सार्वजनिक उपयोगाच्या वस्तूचा खर्च तीन खांद्यांवर वाटावा, म्हणजे कोणा एकाची तिच्यावर मालकी होत नाही. लहान वर्गणी देणारे सभासद, विद्यापीठे व साहित्यसंस्था आणि मर्यादित सरकारी साहाय्य अशा तीन आधारांवर भारतीय भाषांतील एखादे माध्यम का उभे राहू नये? मॅस्टोडॉनसारखी, कोणा एका कंपनीच्या मालकीची नसलेली, लहान लहान मंडळांनी चालविलेली आणि तरी एकमेकांशी जोडलेली व्यवस्था २०१६ पासून जगात चालू आहे. तिचा पसारा लहान आहे. पण ती अशक्य नाही, एवढे तिने दाखविले आहे.

आपल्या घरी

कायदे होतील तेव्हा होतील. तोवर आपल्या हाती काय आहे, हे सांगून हा लेख पुरा करतो.

आमच्या मंडळाच्या गटावर दोनशेच्या आसपास सभासद आहेत. त्यांत एकाच गल्लीतील दोन घरे अशी की, तीन पिढ्या एकमेकांच्या गणपतीच्या आरतीस गेल्याशिवाय त्यांचा उत्सव पुरा होत नसे. पेशवाईतील एका प्रसंगाविषयीचा कोणा अज्ञाताचा मजकूर एकाने गटावर टाकला. दुसऱ्याने त्याला उत्तर म्हणून तसाच, उलट बाजूचा, मजकूर टाकला. आठवडाभरात दोन्ही घरांचे बोलणे बंद झाले. भांडणातील एक अक्षरही त्या दोघांपैकी कोणी लिहिलेले नव्हते. कोणा तिसऱ्याच्या शब्दांसाठी तीन पिढ्यांचे येणेजाणे तुटले.

त्यानंतर मंडळाने एक नियम केला : गटावर स्वतः लिहिलेलेच टाकावे, पुढे पाठविलेले नको. पहिले आठ दिवस गटावर स्मशानशांतता होती. ‘सुप्रभात’चे गुलाबही नाहीसे झाले. मग एका आजींनी चैत्रगौरीची कैरीची डाळ त्यांच्या सासूबाई कशी करीत ते लिहिले. एका निवृत्त शिक्षकांनी आपल्या लहानपणचा दांडिया बझार लिहिला. टोरांटोच्या नातवाने चुकतमाकत देवनागरीत चार ओळी टाकल्या, आणि त्या चार ओळींना जितकी उत्तरे आली तितकी कोणत्याही आयत्या मजकुरास कधी आली नव्हती. मतभेद संपले असे नाही. पण माणूस स्वतःच्या हाताने, स्वतःच्या नावाने लिहू लागला की शब्द जपून येतो, आणि उलट लिहिणाराही समोरचा माणूस कोण आहे हे विसरत नाही.

ती दोन घरे मात्र अजून एकमेकांकडे गेलेली नाहीत. तुटलेले जोडण्याचे सामर्थ्य नियमात नसते. ते एखाद्या भाद्रपदात कोणीतरी आरतीचे ताट घेऊन उंबरा ओलांडण्यातच असते. नियम एवढेच करू शकतो की, उद्या तिसऱ्या घराचे तसे होऊ नये. राज्यकर्त्यांकडून आणि कंपन्यांकडून आपण तेवढेच मागावे. आणि पुढचा मजकूर पाठविण्याआधी आपल्या अंगठ्याकडूनही तेवढेच मागावे.